बारा बाय आठ

द्वारका चौकाच्या पुलाखाली माझं फ्लेक्सचं दुकान.
वाढदिवस, श्रद्धांजली, हार्दिक अभिनंदन,
आणि थंडी सरत आली की बैल.

बैल सोपा. नेता म्हणतो हनुवटी कमी कर,
बैल काहीच म्हणत नाही.
वशिंड जरा उचलायचं,
गळ्याची पोळी चकाकवायची,
मागं एक डोंगर, कुठला का असेना.

गंगापूर रोडच्या निनाद मुथांचं गीर फार्म
हे माझं दर महिन्याचं गिऱ्हाईक.
ए-टू दूध, काचेची बाटली,
बाटलीवर गाय, गायीमागं सूर्य.
सूर्य मी बसवला.
खरा त्या गोठ्यात येतो चार वाजता, पत्र्याच्या फटीतून,
पण दूध एकशे वीसनं जातं.
त्यांच्या सीमेनच्या कांड्यांची यादीही मीच छापली:
आजीचं दूध, बापाचं नाव,
कपाळ घुमटासारखं, कान पानासारखा वळलेला.
आता पाड्यावरची पोरंसुद्धा
आधी कपाळ बघतात, मग वासरू.

यंदा घोटीच्या प्रदर्शनाआधी बुधा भांगरे आला.
पुतण्याच्या मोबाईलमध्ये त्याचा डांगी वळू,
फोटो हललेला, शेपूट कापलेली.
म्हणाला, सगळे लावतात, मग आपणही लावू.
लिहायचं काय?
काउंटरच्या सनमायक्याला नख लावत बसला बराच वेळ.
"मणेरी आहे, लिही."
मणेरी म्हणजे?
"मणेरी म्हणजे मणेरी. पारा नाही, बाहळा नाही."
माझ्या मशीनमध्ये एक कोटी साठ लाख रंग आहेत.
शोधला. नाही.

अजून काय?
"चिखलात खूर सडत नाही.
अंगाला तेल सुटतं, पाणी थांबत नाही."
म्हटलं, काका, हे कोण वाचणार,
आता चिखल कुणाकडं उरलाय?
तो हसला.
त्याच्या चपलांचा चिखल माझ्या फरशीवर वाळत होता.

नेटवर पोझ शोधताना एक परदेशी बैल सापडला,
कोळशासारखा काळा, फ्रिजसारखा चौकोनी.
भाचा वाचून सांगू लागला:
तिकडं काही जणांनी काळ्या कातड्याची हमी दिली,
शिक्का काढला, जाहिराती केल्या,
मग ज्याचे त्याचे कळप काळे होत गेले.
चव आधी की शिक्का आधी?
भाचा खाली खाली सरकवत राहिला, त्याला सापडेना.
मी मणेरीच्या पाठीवरचा काळा डाग
जरा गडद केला.
जराच.
आणि लांबी बारा टक्क्यांनी ताणली.
आणि सोनेरी अक्षरांत, न विचारता: सह्याद्रीचा शुद्ध वारसा.

घोटीला मी उधारी वसूल करायला गेलो.
लोक फ्लेक्सपुढं सेल्फी काढत होते, बैलाला जरा सरकवून.
फेटा बांधलेला एक पुणेकर
वर बोट दाखवून म्हणाला, हा दाखवा.
बुधा म्हणाला, हाच.
त्यानं बैल पाहिला. फ्लेक्स पाहिला. बैल पाहिला.
"हा नाही हो. तो."
आणि गेला.
बुधा तिथंच उभा.
त्या बैलाला त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं,
त्याच्याकडं आता तो असा बघत होता
की कुठं काय कमी पडलं.

मला दोनशे कमी दिले. मी मागितले नाहीत.

श्रावणात भावलीकडं गेलो होतो, एका हॉटेलच्या बोर्डाचं माप घ्यायला.
ओहोळाशेजारी बुधाचा गोठा,
वर माझा फ्लेक्स, छापील बाजू आत.
बारा बाय आठचा बैल छतावर उलटा,
पोटाशी शिवण उसवून ठिबकत होता.
मणेरी मात्र गोठ्याबाहेर,
सगळा उघड्यावर, रवंथ करत,
पाणी पाठीवरून ओघळून जात होतं, थांबत नव्हतं.
बुधा म्हणाला, आत बांधला की बावरतो,
वरचा दिसतो ना त्याला.

दुकानात आलो. ती फाईल अजून होती,
बैल फायनल तीन.
नाव बदलून मणेरी केलं.
डाग पूर्वीसारखा करायला गेलो
तर आठवेना, पूर्वी किती होता.